संगणकाची मोड घालताना

दिल्लीच्या करोल बाग मेट्रो स्थानकातून उतरून अजमल खान रोडला लागले, की कपडे-चपलांच्या गर्दीतून वाट काढताना दोन वेगळे धंदे हाकेच्या अंतरावर नांदताना दिसतात. एका अंगाला गफ्फार मार्केट. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी बसवलेला आणि सरहद्द गांधींचे नाव मिरवणारा हा बाजार आता मोबाइलच्या सुट्या भागांसाठी आणि दुरुस्तीसाठी ओळखला जातो. चिंचोळ्या गाळ्यात बसलेला कारागीर भिंगाखाली बोर्ड धरतो, गरम हवेच्या झोताने चिप उतरवतो, आणि उतरवलेली चिप जपून डबीत ठेवतो. दुसऱ्या अंगाला बीडनपुरा आणि रैगरपुऱ्याच्या गल्ल्या. तिथे मजल्यामजल्यावर दागिन्यांचे कारखाने आहेत, आणि हिंदी-बंगाली बोलण्याच्या कलकलाटात मध्येच अस्सल माणदेशी मराठी कानावर पडते. ती गलाईवाल्यांची.

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून आणि साताऱ्याच्या माण-खटावातून ही माणसे दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत त्यांनी भट्ट्या लावल्या. विटा हे त्यांचे गावाकडचे ठाणे. दिल्लीत ती चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत आणि करोल बागेत स्थिरावली. काम ठरलेले : सराफाकडची मोड घ्यायची, मुशीत वितळवायची, हीण काढायचे आणि चोख सोन्याची लगड परत करायची. या धंद्यात काहीच वाया जात नाही. कारखान्याच्या फरशीवरची धूळसुद्धा झाडून ठेवतात. ती धुऊन त्यातले कण वेचणारे झारेकरी वेगळे.

या दोन गल्ल्यांच्या मध्ये उभे राहिले, की एक कल्पना हटकून सुचते. संगणकाच्या रॅमला सोनेरी पट्ट्या असतात, प्रोसेसरला सोनेरी पिना असतात. सोने काढणारा शेजारीच आहे. मग जुने संगणक किलोवर घ्यावेत, पट्ट्या कापाव्यात आणि सोने विकावे! यूट्यूबवर बादलीभर पिनांतून पिवळीधमक गोळी काढणारे व्हिडिओ पाहून अनेक तरुणांनी हा बेत केला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोने तोळ्याला लाखावर गेले तेव्हापासून तर त्याला आणखीच जोर आला.

हा बेत बहुतेकांच्या अंगाशी येतो. जुन्या संगणकात पैसा आहे, यात वाद नाही. फक्त तो सोन्यात फार थोडा आहे. खरा माल म्हणजे चालू स्थितीतला भाग. त्याच्या खालोखाल तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड. सोने शेवटी, आणि तेही स्वतः काढायचे नाही. असे का, हे समजायला गलाईवाल्याचीच सवय उपयोगी पडते : माल घेण्याआधी त्यात किती आहे त्याचा हिशोब करायचा.

हा हिशोब कागदावर सहज होतो. एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक मायक्रॉन जाडीचा सोन्याचा मुलामा दिला, तर सोने लागते १.९३ मिलिग्रॅम. आता डेस्कटॉपची एक डीडीआर३ रॅम घ्या. दोन्ही बाजू मिळून तिला २४० पट्ट्या असतात. सगळ्यांचे क्षेत्रफळ मिळून जेमतेम चार-पाच चौरस सेंटिमीटर भरते. मुलामा चांगला, म्हणजे पाऊण मायक्रॉनचा धरला, तर एका रॅमच्या पट्ट्यांवर सहा-सात मिलिग्रॅम सोने आले. तोळा लाखाचा धरला, तर याची किंमत साठ-सत्तर रुपये. एक ग्रॅम जमवायला दीडशेच्या आसपास रॅम लागतील, आणि त्याही एक कणही वाया न घालवता. तीच रॅम चालू असेल, तर तिला काही शे रुपये सहज मिळतात. म्हणजे चालू रॅमच्या पट्ट्या कापणारा माणूस पैसे कमवत नसतो, जाळत असतो.

जुन्या काळचा माल याहून बरा होता, हे खरे. इंटेलचा १९९५ चा पेंटियम प्रो हा सिरॅमिक बांध्याचा प्रोसेसर भंगारवाल्यांत आजही सोन्यासाठी नावाजलेला आहे. त्या काळी चिपच्या पोटातल्या, केसाहून बारीक जोडतारा सोन्याच्या असत. पण सोने महागत गेले तसे कारखान्यांनी हात आखडता घेतला. बऱ्याच चिपांत सोन्याच्या जागी तांब्याच्या तारा आल्या, मुलामाही पातळ झाला. शिवाय पेंटियम प्रोसारखा जुना, धड प्रोसेसर हाती आलाच, तर त्याला जपून ठेवणारे संग्राहकही चांगली किंमत देतात.

इथे आणखी एक फसगत होते. हल्ली सराफाकडे एक्सआरएफ यंत्र असते. दागिना आत ठेवला की मिनिटभरात टंच दाखवते. कुणी संगणकाच्या पिना त्यात ठेवून आकडा बघतो आणि हुरळून जातो. पण ते यंत्र वरचा काही मायक्रॉनांचाच थर वाचते. आत पितळ किंवा तांबे आहे, वर पापुद्रा सोन्याचा, हे त्याला नीट कळत नाही. म्हणून मुलाम्याच्या मालाबाबत जाणता गलाईवाला आधी वितळवतो, मग टंच काढतो.

टोकियो ऑलिम्पिकची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. २०१७ ते २०१९ या काळात जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंतून साऱ्या पदकांपुरता धातू निघाला, हे खरे आहे. पालिकांमार्फत ७८,९८५ टन छोटी उपकरणे आली, दुकानांमार्फत सुमारे ६२ लाख मोबाइल जमले, आणि त्या सगळ्यातून निघालेले सोने ३२ किलो. भागाकार केला तर टनामागे अर्धा ग्रॅमसुद्धा पडत नाही. बाकी वजन लोखंड, प्लास्टिक, काच आणि तांब्याचे. तेवढे सोनेही जपानच्या अद्ययावत कारखान्यांत निघाले, घरच्या बादलीत नव्हे.

बादलीचे तर बोलायलाच नको. सोने विरघळवणारे आम्लराज म्हणजे मिठाच्या आणि शोऱ्याच्या आम्लाचे मिश्रण. त्यातून निघणारा तांबूस-तपकिरी वायू श्वासावाटे गेला, की लगेच फार काही जाणवत नाही. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. उरलेल्या पाण्यात तांबे, शिसे, निकेल विरघळलेले असतात. ते मोरीत ओतणे हा गुन्हा आहे. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादेत बोर्ड जाळून धातू काढण्याचा धंदा फोफावला. रामगंगेच्या काठावर राखेचे ढीग साचले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाला २०१७ मध्ये दंडाचा आदेश काढावा लागला. करोल बागेतल्या गलाईच्या भट्टीत बोर्ड नेऊन टाकण्याचा विचारही करू नये. ती भट्टी दागिन्यांच्या मोडीसाठी असते. बोर्डातला इपॉक्सी, ब्रोमीनयुक्त रसायने आणि शिसे यांच्या धुरासाठी नसते.

बोर्डांतले सोने खरोखर काढायचे, तर ते काम मोठ्या कारखान्यांचे. बेल्जियममधल्या होबोकनला युमिकोर कंपनीचा असा कारखाना आहे. तिथे बोर्ड उच्च तापमानाला वितळवतात, वितळलेले तांबे सोन्या-चांदीला आपल्यात ओढून घेते, आणि पुढे प्रक्रियेत मौल्यवान धातू वेगळे होतात. विषारी वायू पकडणारी यंत्रणाही अशा कारखान्यात असते. भारतातही आता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखाने आहेत. रुडकीची अटेरो आणि मुंबईची इको रिसायकलिंग ही त्यांतली परिचित नावे. सामान्य माणसाने आपला मोडका बोर्ड त्या वाटेला लावावा, आणि स्वतःचे लक्ष उरलेल्या मालाकडे द्यावे.

तो माल सध्या भरपूर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू, धडधाकट, पण ‘जुने’ ठरलेले संगणक कार्यालयांतून आणि घरांतून बाहेर पडू लागले आहेत. जगाचा हिशोब आधीच अवघड होता : संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’ अहवालाप्रमाणे २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर नोंद होऊन प्रक्रिया झाली.

यंत्र हाती आले, की पहिला नियम : स्क्रू काढण्याआधी ते चालू करून बघावे. पुष्कळ जण इथेच चुकतात. आख्खा चालणारा संगणक हा सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा बहुतेक वेळा जास्त किमतीला जातो. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा डेस्कटॉप घ्या. हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट टाकले, तर तो विद्यार्थ्याच्या अभ्यासाला किंवा दुकानाच्या बिलांना आणखी काही वर्षे पुरतो. चालूच झाला नाही, तरी लगेच मोडीत काढू नये. रॅम काढून तिच्या पट्ट्या साध्या खोडरबराने पुसाव्यात आणि पुन्हा बसवाव्यात. ‘डेड’ म्हणून आलेल्या कित्येक मशीनना एवढाच उपचार पुरतो. मदरबोर्डवरचे उभे कपॅसिटर बघावेत. त्यांची डोकी फुगलेली दिसली, तर दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. २००० ते २००७ च्या सुमाराच्या बोर्डांत हे फार झाले होते. नवा कपॅसिटर काही रुपयांत येतो.

चाचणीची साधने फुकट मिळतात. रॅमसाठी मेमटेस्ट८६, हार्ड डिस्कच्या प्रकृतीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. चाचणीचा निकाल पडद्यावर असताना फोटो काढून ठेवावा. दिल्लीच्या नेहरू प्लेसचा व्यापारी असो की पुण्याच्या तपकीर गल्लीतला, ‘चालू आहे’ या शब्दापेक्षा तो फोटो त्याला जास्त पटतो, आणि भावात फरक पडतो.

दुसरा नियम माहितीचा. हार्ड डिस्क विकण्याआधी ती नुसती ‘क्विक फॉरमॅट’ करणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे. मजकूर तसाच राहतो. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा आहे. ती डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्ये लिहिते. मोठ्या डिस्कला यात काही तास जातात, ते जाऊ द्यावेत. मात्र आज्ञा देण्याआधी डिस्कचा क्रमांक दोनदा तपासावा, कारण चुकीच्या डिस्कवर ती चालली तर परतीची वाट नाही. एसएसडीचे तंत्र वेगळे असल्यामुळे तिथे तिच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरमधली ‘सिक्युअर इरेज’ सोय वापरावी. डॉक्टर, वकील, सीए, पतसंस्था यांच्याकडून डिस्क घेतली असेल, तर पुसल्याचे लेखी द्यावे. लोक मग पुढच्या वेळी स्वतःहून बोलावतात. डिस्क बंदच असेल, तर ती फोडलेली बरी.

आणि बंद हार्ड डिस्क फोडणे हे या सगळ्या उद्योगातले सर्वांत मजेचे काम आहे. झाकणाला ताऱ्याच्या आकाराचे सहा-सात बारीक स्क्रू असतात. टी८ किंवा टी९ मापाचा टॉर्क्स पाना लागतो. एक स्क्रू हमखास स्टिकरखाली दडलेला असतो, तो बोटाने चाचपून शोधावा. झाकण निघाले की आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या दिसतात. डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या बहुधा ॲल्युमिनियमच्या, लॅपटॉपच्या डिस्कमधल्या बहुधा काचेच्या. त्यामुळे लॅपटॉपची तबकडी वाकवायला जाऊ नये, ती फुटून डोळ्यात जाते. कोपऱ्यात वाचक-हाताच्या बुडाशी दोन वाकडे नियोडिमियम चुंबक असतात. लहान दिसतात, पण बोट मध्ये सापडले तर कातडी सोलतात. शाळेचे प्रयोग, छंदी कारागीर, फर्निचरवाले यांना हे चुंबक हवे असतात. बाहेरचे कवच ओतीव ॲल्युमिनियमचे. स्क्रू, पत्रा आणि मोटर वेगळी केली तर ते स्वच्छ ॲल्युमिनियमच्या भावाने जाते, लोखंड लागलेले ठेवले तर भाव पडतो. याच चुंबकाने पुढचा सगळा माल तपासता येतो. चिकटले ते लोखंड.

आता बाकीचे भाग, महत्त्वाप्रमाणे. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड : हे चालू असतील तर एकेक सुटे विकावेत. रॅमचा भाव हा लहरी असतो. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीच्या चिप्स पळवल्या, जगभर टंचाई झाली आणि डीडीआर४ रॅमही महागली. तेव्हा रॅम विकण्याआधी त्या दिवसाचा भाव ऑनलाइन बघावा, मागच्या महिन्याच्या अंदाजावर राहू नये. मदरबोर्ड विकताना प्रोसेसरच्या खाचेवरचे प्लास्टिकचे झाकण लावूनच द्यावे. आतल्या शेकडो पिनांपैकी एक जरी वाकली, तरी गिऱ्हाईक बोर्ड परत करते.

लॅपटॉपचे अर्थशास्त्र निराळे आहे. तिथे आख्खे यंत्र बंद असले, तरी पडदा, कीबोर्ड, बिजागऱ्या, चार्जर, टचपॅड यांना मागणी असते, कारण त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कुणाचा पडदा फुटलेला असतो. प्रत्येक भागावर मॉडेलचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावावी. चिठ्ठी नसलेला पडदा हा विक्रीच्या दृष्टीने काचेचा तुकडा. मॉडेल फार जुने असेल, तर पडद्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड मिळतो. तो जोडला की सीसीटीव्हीसाठी किंवा दुकानातल्या जाहिरातीसाठी छोटा मॉनिटर तयार होतो.

पॉवर सप्लाय म्हणजे एसएमपीएस हा चालू असेल तर फार कामाचा. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारी ती तयार पेटी आहे. मुख्य जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो मदरबोर्डाशिवायही सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना, एलईडी पट्ट्या लावणाऱ्यांना तो प्रयोगशाळेतल्या पुरवठ्यासारखा वापरता येतो. पण पेटी उघडू नये. भारतातली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच बसून राहते. तो धक्का जीवघेणा ठरू शकतो. बंद एसएमपीएस तसाच्या तसा वजनावर द्यावा.

वायर जाळून तांबे काढायचे नाही, हे वेगळे सांगायला हवे, कारण दिल्लीच्या सीलमपूरपासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत ते अजून होते. पीव्हीसी जळताना निघणाऱ्या डायॉक्सिनचा धोका तर आहेच. शिवाय जळून काळे पडलेले तांबे स्वच्छ तांब्यापेक्षा कमी भावाने जाते. सोलायचे साधन स्वस्त मिळते, आणि बारीक केबल सोलत बसण्यापेक्षा ती तशीच विकलेली परवडते. हीटसिंकचा पंखा आणि लोखंडी चिमटा काढून घ्यावा. काही हीटसिंकच्या तळाशी तांब्याची चकती असते, ती वेगळी निघाली तर वेगळीच विकावी. पंखे १२ व्होल्टचे असतात, चालू असले तर सुटे खपतात. कॅबिनेटचा पत्रा शेवटी, किलोवर.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये निर्वात नळी, हजारो व्होल्टचा दाब आणि शिसेयुक्त काच असते. पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांत पाठीमागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात. फुगलेली लॅपटॉप बॅटरी टोचू, वाकवू किंवा चार्ज करू नये. कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवून बॅटरी घेणाऱ्या नोंदणीकृत संकलकाला द्यावी. २००६ च्या आधीच्या बोर्डांवरचे सोल्डर निम्मेअधिक कथील आणि बाकी शिसे असे असते. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये, आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये.

प्रयोगशाळेतून किंवा रुग्णालयातून आलेले अनोळखी यंत्र तर उघडायचेच नाही. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये काय झाले, ते आठवावे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेले, अनेक वर्षे वापरात नसलेले एक किरणोत्सारी उपकरण तिथे तोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. तोडणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. एक जण दगावला आणि काही जणांना दीर्घ उपचार घ्यावे लागले.

माल कुठे विकायचा, याला दिल्लीत सोपे उत्तर आहे. चालू संगणक आणि भाग नेहरू प्लेसला, मोबाइल आणि छोट्या उपकरणांचे भाग गफ्फारला, सुटे घटक लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटला. मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड, पुणेकरांसाठी बुधवार पेठ. भाव किमान तीन ठिकाणी विचारावा आणि वजनकाटा आपला न्यावा. बंद बोर्ड, बॅटऱ्या आणि ट्यूब मात्र यांपैकी कुठेही नाहीत. ई-कचरा सुटा करणाऱ्या सीलमपूरच्या कारागिरांचे हात विलक्षण सफाईदार आहेत आणि हजारो घरे त्या कामावर चालतात. भाग सुटे करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण बोर्ड पुढे कुठल्या आम्लाच्या टाकीत जातो, ते विकणाऱ्याला कळत नाही. म्हणून बोर्ड नोंदणीकृत कारखान्याकडे किंवा त्याच्या संकलन केंद्राकडेच द्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर राज्यवार यादी आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडेही विचारता येते.

कायद्याची बाजू थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. त्यांत १०६ प्रकारची उपकरणे येतात. उत्पादक, दुरुस्ती करून पुनर्विक्री करणारे आणि पुनर्प्रक्रिया करणारे यांना पोर्टलवर नोंदणी करावी लागते. स्वतःच्या घरचा संगणक सुटा करून विकणे वेगळे, आणि दर महिन्याला कार्यालयांचे लॉट उचलून धंदा करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात शिरायचे असेल, तर आधी नोंदणीची चौकशी करावी आणि मग गाळा भाड्याने घ्यावा. कंपन्या किंवा सरकारी खाती एमएसटीसी या सरकारी लिलाव-कंपनीमार्फत ई-कचरा काढतात, तेव्हाही नोंदणीकृत बोलीदारच मागतात. केंद्राने उत्पादकांनी पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना द्यायचा किमान दर घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी किलोला २२ रुपये ठरवला, त्यावर काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हे पैसे थेट आपल्या हाती पडत नाहीत. पण रीतसर कारखान्याला माल घ्यायला परवडू लागले, तर आज कवडीमोलाने जाणाऱ्या बोर्डालाही बरा भाव येईल.

एक छोटी वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. कुणाकडून काय घेतले, मालिका क्रमांक, तारीख, ओळखपत्राची प्रत. चोरीचा लॅपटॉप घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली अडकू शकतो, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे सांगायला कागद लागतो. सराफ बाजारात मोड घेताना सावध सराफ विचारपूस करतोच. संगणकाची मोड घेणाऱ्यालाही तीच सवय लावून घ्यावी लागते.

सुरुवात करायला गाळा, भट्टी, भांडवल काही लागत नाही. एक प्लस पॉइंटचा स्क्रूड्रायव्हर, टॉर्क्सचा संच, हातमोजे, चष्मा, वजनकाटा आणि माळ्यावर पडलेला स्वतःचाच संगणक पुरतो. तो माळ्यावर ठेवून त्याची किंमत वाढत नाही. बॅटरी फुगते, कपॅसिटर सुकतात, रॅमची पिढी बदलते आणि आज काही शे रुपयांना जाणारा भाग दोन वर्षांनी किलोवर जातो. येत्या रविवारी तो खाली काढावा, आणि स्क्रूला हात लावण्याआधी एकदा चालू करून बघावा.